गाणारी गात नसते तेव्हा

ऑपेरा, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटक, घरी टीव्हीवर बघते म्हटलं की जाणकार लोक हमखास म्हणतात, थिएटरातला आवाज स्पीकरमधून येतो का? त्यापेक्षा चांगलं ध्वनिमुद्रण ऐकावं. आवाजाबद्दलचं त्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पण डीव्हीडी आणि ब्लू-रे मी आवाजासाठी जपलेल्याच नाहीत. गाणारी माणसं गात नसतात तेव्हा काय करतात, ते मला बघायचं असतं.

विख्यात ऑपेरा-गायिका मारिया कॅलासचंच घ्या. तिचा एकही अख्खा ऑपेरा चित्रित होऊन आपल्यापर्यंत आलेला नाही, याची हळहळ मला कायम वाटते. हाती लागतो तो पुच्चीनीच्या 'टोस्का'चा दुसरा अंक, एकदा १९५८ चा पॅरिसमधला आणि एकदा ९ फेब्रुवारी १९६४ चा लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधला. टोस्का कॅलास, आणि तिला छळणारा पोलीसप्रमुख स्कार्पिया दोन्हीकडे झालाय टिटो गोब्बी. स्कार्पिया परवाना लिहायला बसतो, टोस्का वाइनचा पेला घ्यायला टेबलाशी जाते आणि ज्या सुरीने ती त्याला मारणार ती सुरी तिला तिथे दिसते. या सगळ्या वेळात तिला एक सूरही नाही, नुसता ऑर्केस्ट्रा वाजतो. याच दोघांचं १९५३ चं ध्वनिमुद्रण मला जवळजवळ पाठ आहे, पण तिथे या जागी कॅलास नसतेच, असतात फक्त व्हायोलिनं. १९६४ च्या त्या धूसर काळ्यापांढऱ्या चित्रात मात्र खून आधी तिच्या डोळ्यांत होतो आणि हात नंतर हलतो. हे ऐकून कधीच कळलं नसतं.

दुसरं उदाहरण माझ्या फार जवळचं आहे. रिचर्ड स्ट्राउसचा 'डेर रोझेनकावालिअर' कंडक्टर कार्लोस क्लायबरने वाजवलेला दोनदा चित्रित झालाय, १९७९ मध्ये म्युनिकला आणि १९९४ मध्ये व्हिएन्नाला. दोन्ही प्रयोग ओटो शेंकच्याच दिग्दर्शनातले. शेवटी मार्शालिन, त्यातली उमराव घराण्यातली नायिका, आपल्या तरुण प्रियकराला त्याच्या वयाच्या मुलीकडे सोपवते. आधी तिघांचं एकत्र गाणं होतं (तो तरुणही बाईच गाते, त्यामुळे तीन बायकांचे आवाज एकमेकांत मिसळतात), मग ती निघून जाते. मुलीच्या बापाबरोबर परत येते तेव्हा तो म्हणतो, तरुण पोरं अशीच असायची. ती एवढंच म्हणते, "या, या." म्हणजे, हो, हो. तीन तासांचा ऑपेरा या दोन अक्षरांवर येऊन टेकतो आणि त्यातलं बहुतेक सगळं तिच्या चेहऱ्यावर असतं. व्हिएन्नाचा ऑर्केस्ट्रा ऐकायला मी १९९४ कडे जाते. मार्शालिन बघायची असेल तर म्युनिक, तिथे ती ग्वेनेथ जोन्स झालीय.

म्हणूनच कॅमेरा कुठे बघतोय याचा मला राग येतो किंवा आनंद होतो. ज्याचं तोंड उघडलं त्याच्यावर क्लोज-अप, एवढंच जमणारे व्हिडिओ-दिग्दर्शक आहेत. वाग्नरच्या 'ट्रिस्टन उंड इझोल्डे'च्या दुसऱ्या अंकात, आपल्या राणीबरोबर ट्रिस्टनला पकडल्यावर, राजा मार्के दहा-बारा मिनिटं आपलं दुःख गातो. त्याचा लाडका ट्रिस्टन समोर उभा राहून ऐकतो, त्याला गायला जवळजवळ काहीच नाही. तिथे सगळा वेळ मार्केचे दात दाखवायचे म्हणजे नाटकातला अर्धा माणूस काढून टाकायचा. याउलट बायरॉइटच्या महोत्सवातला दिग्दर्शक शेरो आणि कंडक्टर बुलेझ यांचा वाग्नरचा 'रिंग', जो ब्रायन लार्जने १९७९ आणि १९८० मध्ये चित्रित केला, त्यात ऐकणारी माणसंही जिवंत राहतात. असं काम करणाऱ्यांची नावं वेष्टनाच्या मागे बारीक टायपात कशाला? कंडक्टरइतकाच व्हिडिओ-दिग्दर्शकही आपल्यासाठी अर्थ लावत असतो.

सबटायटल्सबद्दल एकच. पहिल्यांदा बघताना हवीतच, दुसऱ्यांदा बंद करा. ओळ वाचायला नजर खाली गेली की वरचं हुकतं, आणि तिघं तीन वेगळे शब्द गात असताना तळाशी तिन्ही मावत नाहीत.

ऑपेरा नसला तरी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. २०१० मध्ये ल्युसर्नला कंडक्टर क्लाउडिओ अब्बाडोंनी महलरची नववी सिंफनी वाजवली, त्याचं चित्रीकरण आहे. त्याच्या दहा वर्षं आधी पोटाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेतून उठलेले, अगदी कृश झालेले अब्बाडो. शेवटच्या पानावर व्हायोलिनं इतकी मंद होतात की आवाज नेमका कधी थांबला ते सांगता येत नाही. त्यानंतर दोन मिनिटांहून जास्त वेळ सभागृहात एक टाळी पडत नाही. नुसतं ऐकत असते तर डिस्क संपली समजून मी उठले असते. पडद्यावर ते अजून उभेच असतात, म्हणून मीही बसून राहते.