फोटो नकोत, तिला वजाबाकी येते का ते सांगा

वर्षभरात लेकीच्या डिजिटल पोर्टफोलिओत, म्हणजे शाळा मुलांच्या कामाचे फोटो टाकून पालकांच्या फोनवर पाठवते त्या संग्रहात, ११२ फोटो आले. काल रात्री बसून एकेक मोजला, कारण डोकं फिरलं होतं. तिसरीतल्या माझ्या मुलीला हातचा घेऊन वजाबाकी येत नाही, हे मला काल कळलं. आणि तेही शाळेकडून नाही. माझ्या शेजारी बसून तिने ५२ मधून २७ वजा केले आणि उत्तर लिहिलं ३५, तेव्हा.

सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. आकडा वरचा असो की खालचा, मोठ्यातून लहान काढून टाकायचा. ही चूक जगभरातल्या मुलांची नेहमीची आहे, शिक्षकांच्या चांगल्या ओळखीची आहे, आणि वही उघडली की मिनिटभरात पकडता येते.

मग मी पोर्टफोलिओ चाळला. ऑक्टोबरमधला एक फोटो सापडला. मुलगी हसतेय, समोर कागद, खाली ओळ: ‘गणितात उत्साही सहभाग!’ आणि एक तारा. फोटो मोठा करून पाहिला. कागदावर लिहिलंय ६३ − २८ = ४५.

म्हणजे चूक कॅमेऱ्यात आली, अपलोड झाली, निकषाला जोडली गेली, माझ्या फोनवर टिंग वाजलं, मीही बदाम टाकला. पण ते गणित कोणीच वाचलं नाही! मीसुद्धा नाही, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त संताप येतोय. पाच महिने पोरगी चुकीची पद्धत घट्ट करत बसली.

बाईंवर माझा राग नाही. एका हातात फोन, समोर वर्गभर मुलं, प्रत्येकाचे आठवड्याला इतके फोटो झालेच पाहिजेत असा वरून आदेश. फोटो काढा, नाव जोडा, यादीतून कौशल्य निवडा, ओळ लिहा. हा वेळ कुठून येतो? वह्या तपासण्यातून. लेक सांगते, ‘आई, फोटो हलला की परत करायला लावतात.’ परत करायला म्हणजे गणित नव्हे, हसायला.

पोर्टफोलिओ ही कल्पना मुळात वाईट नाही हो. चित्रकार, वास्तुविशारद आपली निवडक कामं एकत्र ठेवतात आणि हे का निवडलं ते सांगतात. मुलाचा जूनमधला निबंध आणि फेब्रुवारीतला निबंध शेजारी ठेवा, काय सुधारलं ते त्यालाच विचारा, मी आनंदाने वाचीन. पण निवड नाही, तुलना नाही, शेरा नाही, तर ते नुसतं साठवण आहे. शिवाय निवडक कामं ठेवूनही तपासणं सोपं नसतं. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चौथी आणि आठवीसाठी गणित व लेखनाचे पोर्टफोलिओ राज्यभर लागू केले होते. रँड या संशोधन संस्थेने पाहणी केली, तर एकाच मुलाच्या कामाला दोन तपासनीस वेगवेगळे गुण देत होते. तेव्हा निदान कोणीतरी तपासत तरी होतं!

आणि या फोटोंच्या जोरावर पालकसभा कमी केल्या. काही विचारलं की एकच उत्तर, ‘सगळं पोर्टफोलिओत आहे.’ नाही, सगळं नाहीये. प्रगतिपुस्तकातला ‘वजाबाकी कच्ची, सराव घ्या’ एवढा चार शब्दांचा शेरा त्या ११२ फोटोंत कुठेच नाही. तेवढा जरी ऑक्टोबरमध्ये मिळाला असता, तरी मी रोज वीस मिनिटं घेऊन बसले असते.

आता वर्ष संपायला पाच आठवडे उरलेत. पुढच्या वर्षी मोठे भागाकार येणार, आणि त्यात प्रत्येक पायरीला वजाबाकी लागते. आज सकाळी पुन्हा टिंग वाजलं. नवीन फोटो आलाय, रंगीत कागदाचं फूल हातात घेऊन.