राखेतले पाच स्क्रू

आज सकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटात दादाने स्वतःच्याच मुलाचे छायाचित्र टाकले. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात बँडबरोबर गाताना पोराने डोळ्यांत काजळ घातले होते आणि ओठ रंगवले होते. खाली दादाचे वाक्य होते, 'आमच्या घराण्यात नाच्या निपजला.' त्यावर सगळ्या काका-मामांचे हसरे चेहरे. जेवणे झाली, झाकपाक झाली, तरी माझे डोके शांत होईना, म्हणून हे लिहीत आहे. दादा हे वाचेल, वाचू दे.

1986 साली सांगलीच्या आमच्या वाड्यात ट्विस्टेड सिस्टर या अमेरिकी रॉक बँडची 'स्टे हंग्री' ही कॅसेट कोणी आणली होती, दादा? मुंबईच्या फुटपाथवरून, साठवलेल्या खाऊच्या पैशांतून तूच ना? वेष्टनावर त्यांचा गायक डी स्नायडर होता: पिवळ्या केसांचे जंगल, रंगवलेला चेहरा आणि हातात मांस लागलेले भलेमोठे हाड. अण्णांनी 'हा बाप्या की बाई?' एवढेच विचारले आणि उत्तराची वाट न पाहता ती कॅसेट पेटत्या बंबात टाकली. त्या दिवशी आंघोळीच्या पाण्यालाही जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. ज्या भिंतीवरच्या, शालू नेसलेल्या बालगंधर्वांच्या तसबिरीला अण्णा नेमाने हार घालत, त्याच भिंतीकडे तोंड करून दादा रडत होता.

या 'नाच्यां'नी उपसलेले कष्ट कोणी पाहत नाही. जे जे फ्रेंचच्या या बँडमध्ये स्नायडर 1976 साली आला आणि पुढची कित्येक वर्षे ही मंडळी न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि लाँग आयलंडच्या बारमध्ये, तमाशाच्या फडाने गावोगावच्या जत्रा कराव्यात तशी, रात्रीमागून रात्री वाजवत राहिली. 1979 साली त्यांनी न्यूयॉर्कचे पॅलेडियम सभागृह गच्च भरवले, तेव्हा त्यांच्या हातात एकाही कंपनीचा करार नव्हता. पहिला संग्रह 1982 साली निघाला, तोही इंग्लंडमधल्या एका छोट्या कंपनीकडून. स्नायडरचे ते झिरमिळ्यांचे कपडे त्याची बायको सूझेट तयार करीत असे. 1984 साली 'स्टे हंग्री' आला आणि एकट्या अमेरिकेत त्याच्या 30 लाखांवर प्रती गेल्या.

गाणी काही फार थोर नव्हती, हे मान्य. 'वी आर नॉट गॉना टेक इट'च्या चित्रफितीत पोरावर खेकसणाऱ्या बापाची जी फजिती होते, तिने त्यांना मुलांच्या करमणुकीचे पात्र करून टाकले आणि पुढच्याच वर्षीचा संग्रह पडला, हेही मान्य. पण त्याच गाण्याला हिंसक ठरवून टिपर गोर आणि त्यांच्या मैत्रिणी या वॉशिंग्टनच्या बड्या पुढाऱ्यांच्या बायकांनी आक्षेपार्ह गाण्यांच्या यादीत घातले, आणि 19 सप्टेंबर 1985 रोजी स्नायडर अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे गेला. बिनबाह्यांचे जाकीट, तेच केस, आणि खिशातून काढलेले घड्यांचे भाषण. हा रंगारी काय बोलणार, असेच समोरच्यांना वाटले असणार. त्याने शांतपणे सांगितले की आपण विवाहित आहोत, एका मुलाचे बाप आहोत, ख्रिश्चन आहोत आणि दारू, सिगारेट, अमली पदार्थ यांना शिवत नाही. 'अंडर द ब्लेड' या गाण्यात टिपरबाईंना विकृत अत्याचार दिसला होता. ते गाणे गिटारवादक एडी ओहेडाच्या घशाच्या शस्त्रक्रियेबद्दल होते. ज्याला जे शोधायचे असते तेच त्याला सापडते, असे स्नायडरने त्यांना तोंडावर ऐकवले. त्या समितीत टिपरबाईंचे यजमान अल गोर स्वतः बसलेले होते, हे वाचताना मला आजही हसू येते. कॅसेटवर पालकांसाठी इशाऱ्याची पट्टी लागायची ती लागलीच. पण त्या लोकांनी निदान त्याला बोलावून विचारले तरी. अण्णांनी कोणाला काय विचारले? आणि दादा, आज सकाळी तू तुझ्या मुलाला काय विचारलेस?

इथपर्यंत लिहिले आणि उठून चहा करून आले. आता राग थोडा उतरला आहे. 2015 च्या मार्चमध्ये ट्विस्टेड सिस्टरचा ड्रमर ए. जे. पेरो गेला, तेव्हा दादाने रात्री उशिरा मला फोन केला होता. 'पेरो गेला गं,' एवढेच म्हणाला आणि बराच वेळ दोघेही काही न बोलता फोन धरून बसलो. पुढच्या वर्षी बँडने निरोपाचा दौरा केला, त्याची बातमीही त्यानेच मला पाठवली होती. हाच माणूस आज त्या गटात हे लिहितो, याचाच मला जास्त त्रास होतो.

कॅसेट जळली त्याच्या दुसऱ्या दिवशी आई बंबातल्या राखेने भांडी घासत होती आणि तिच्या बोटांना काहीतरी टोचले. कॅसेटचे पाच बारीक स्क्रू होते. तिने ते धुतले, पुसले आणि अण्णांना कळू न देता शिवणयंत्राच्या डब्यात, बटणांखाली ठेवले. तो डबा आता माझ्याकडे आहे. मघाशी उघडून पाहिले. पाचही आहेत, काळे पडलेले. भाचा रविवारी जेवायला येणार आहे. ते त्याच्या हातावर ठेवून कोणाचे आहेत ते सांगणार आहे. दादा, तुला यायचे असेल तर तूही ये.