एक शिट्टी जास्त

(पोस्ट लांबलचक आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर पुढे सरका, राग नाही.)

परवाच्या भिशीत गाडी नेहमीप्रमाणे 'सध्या काय बघतेस' वर आली. तीन मालिका झाल्या, खुनाची एक वेबसिरीज झाली, खुनी कोण ते एकीने फोडलं म्हणून थोडं वाजलंही. मग माझा नंबर आला. म्हटलं, बेल्जियमचा एक सिनेमा पाहिला, दुसऱ्यांदा. तीन तास वीस मिनिटांचा. एक विधवा बाई, तिचा शाळेत जाणारा मोठा मुलगा, आणि तीन दिवस ती घरातली कामं करते.

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात."

त्यावर जो हशा झाला तो साबुदाणावडे बाहेर येईपर्यंत टिकला. एकजण म्हणाली, "माझ्याकडे रोज शिजतात गं. काढ म्हणावं माझ्यावर सिनेमा!"

मीही हसले. पण घरी येताना रिक्षात बसल्यावर वाटलं, अगं बाई, काढलाय की. तुझ्यावरच काढलाय. १९७५ सालीच काढून ठेवलाय.

सिनेमाचं नाव म्हणजे त्या बाईचं नाव आणि पत्ता. 'ज्यान डीलमान, २३ के द्यू कोमेर्स, १०८० ब्रुसेल्स'. पाकिटावर लिहावं तसं. दिग्दर्शिका शांताल आकेरमान. तेव्हा तिची पंचविशीही पुरी झाली नव्हती. आणि ज्यानचं काम केलंय डेल्फीन सेरिगने, म्हणजे फ्रेंच सिनेमातल्या एका झगमगत्या नटीने. तिला या मुलीने ओट्यासमोर उभं केलं आणि बटाटे सोलायला लावले. पूर्ण. म्हणजे एक बटाटा हातात घेऊन लगेच पुढचं दृश्य, असं नाही. आपल्याला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ तिला लागतो आणि तेवढा वेळ आपण बघतो.

पहिला दिवस नीट बघायचा. ज्यान खोलीतून बाहेर पडताना दर वेळी दिवा घालवते. दर वेळी. (माझी आई आठवली. 'बिल काय तुझा मामा भरणारे का?') जेवणाच्या टेबलावर सुपाचं एक झाकणाचं भांडं आहे, त्यात ती पैसे ठेवते आणि झाकण लावते. ते पैसे येतात कुठून? दुपारी एक पुरुष येतो, रोज वेगळा. बेडरूमचं दार बंद होतं, कॅमेरा बाहेरच थांबतो, गॅसवर बटाटे रटरटत असतात. दार उघडतं, माणूस पैसे देऊन जातो, ती स्वयंपाकघरात येते, बटाटे बरोब्बर झालेले असतात. इतकं बसलेलं गणित.

दुसऱ्या दिवशी दार उघडतं तेव्हा तिचे केस किंचित विस्कटलेले असतात. पैसे भांड्यात जातात पण झाकण लावायचं राहतं. आणि बटाट्यांचा गाळ झालेला असतो.

आता बघा हं. ती ते पातेलं हातात घेऊन घरभर फिरते. स्वयंपाकघरातून बाहेर, बाथरूममध्ये, परत स्वयंपाकघरात. हे टाकायचं कुठे, तेच तिला सुचत नाही. पातेलं हातात धरून स्वतःच्याच घरात हरवलेली बाई! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. ज्याने आयुष्यात कधी कुकर लावला नाही त्याला यात काही दिसणार नाही, मान्य. पण आपल्याला माहितीये ना? शिट्ट्या मोजायला आपण कधी चुकतो? डोक्यात दुसरंच काहीतरी चाललेलं असतं तेव्हा. एक शिट्टी जास्त झाली तर भाताचं काय ते होतं, त्याचं एवढं नाही. कशामुळे चुकली, ते कुणी विचारत नाही. या सिनेमाने विचारलं.

तिसऱ्या दिवशी काय होतं ते सांगत नाही. एवढंच म्हणते की खुनाच्या सिरीजवाल्यांनी इतक्यात हसू नये.

ब्रिटनमधलं 'साइट अँड साउंड' मासिक १९५२पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना विचारून सर्वश्रेष्ठ सिनेमांची यादी काढतं. २०२२च्या यादीत हा बटाट्यांचा सिनेमा पहिला आला. बाईने केलेला सिनेमा पहिल्या नंबरावर येण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हा पुष्कळ पुरुष समीक्षक जोरात चिडले होते. चिडू देत. या याद्यांवर माझा तसाही फार विश्वास नाही. शाळेत पहिला आलेला मुलगा पुढे काय दिवे लावतो ते आपण बघतोच.

मी काही अभ्यासक वगैरे नाही, हे सांगायला हवं. मला याची सवय लावली ती दूरदर्शनने. रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले सिनेमे लागायचे, आठवतंय? आज मल्याळम, पुढच्या रविवारी बंगाली, मग आसामी, आणि खाली इंग्रजीत पांढऱ्या ओळी, पांढऱ्या शर्टावर आल्या की गायब होणाऱ्या. वडील घोरायचे. आई तांदूळ निवडत बसायची. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण उठायची नाही. मध्येच म्हणायची, "यांच्याकडे पण केळीच्या पानावर वाढतात बघ." किंवा "ती थोरली सून दिसतेय, पदर बघ कसा घेतलाय." तिला कथा निम्मीच कळायची, घर मात्र पूर्ण कळायचं. मला तर आता वाटतं, मी परदेशी सिनेमे बघते ते आईच्याच रोगामुळे. दुसऱ्याच्या घरात डोकवायचा रोग. चौकशा! ते काय खातात, बसतात कुठे, भांडण झाल्यावर पहिलं कोण बोलतं, म्हाताऱ्यांना कुठल्या खोलीत झोपवतात. वाड्यात वाढलेल्या माणसाला याहून मोठी करमणूक नाही.

म्हणून 'असले सिनेमे आपल्यासारख्यांसाठी नसतात' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. कर्नाटकात शिवमोग्याकडे हेग्गोडू नावाचं सुपारीच्या बागांचं गाव आहे. तिथे सत्तरच्या दशकात 'नीनासम' या संस्थेने फिल्म सोसायटी काढली. आणि आमच्या पुण्यात लॉ कॉलेज रोडवर जे फिल्म अर्काइव्ह आहे (१९६४ची स्थापना), तिथले पी. के. नायर रिळांचे डबे त्या गावात पाठवायचे. सुपारीवाल्या शेतकऱ्यांनी 'बायसिकल थीव्ज' पाहिला, 'राशोमोन' पाहिला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की हे तुमच्यासाठी नाही. सायकल चोरीला गेली तर रोजगार जातो, हे समजायला इटालियन कशाला यायला हवं?

आता सासूबाईंची गोष्ट. खरं तर हिच्याचसाठी पोस्ट लिहायला घेतली होती, बटाट्यांनी जागा खाल्ली.

सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत. गेल्या पावसाळ्यात पाय मुरगळला म्हणून पंधरा दिवस पलंगावर होत्या. एका रात्री मी हेडफोन लावून जपानी दिग्दर्शक ओझूचा 'टोकियो स्टोरी' (१९५३) बघत होते, तर म्हणाल्या, "मोठ्याने लाव. मला झोप नाही." म्हटलं, आई, जपानी आहे. "असू दे. तू सांग."

मग काय, मी झाले दुभाषी. ओनोमिची गावचे म्हातारा-म्हातारी टोकियोतल्या मुलांकडे येतात. मुलगा डॉक्टर, मुलीचं पार्लर, कुणाला वेळ नाही. ओझू कॅमेरा इतका खाली ठेवतो की आपण चटईवर बसून बघतोय असं वाटतं. सासूबाईंच्या ते लगेच लक्षात आलं, "हा पाटावर बसून काढलाय वाटतं." जावई सासूसासऱ्यांसाठी केक आणतो, तर सख्खी मुलगी म्हणते, त्यांना एवढं महागाचं कशाला? आणि स्वतः खाते. इथे सासूबाई पलंगावर उठून बसल्या.

युद्धात गेलेल्या मुलाची विधवा बायको नोरिको, तीच काय ती प्रेमाने करते. सासूसासरे तिच्या एका खोलीच्या घरी येतात. घरात द्यायला काही नाही, म्हणून ती शेजारणीकडून साके (तांदळाची दारू) मागून आणते, आणि ती ओतायला भांडंही शेजारणीचंच. "आमच्या चाळीत साखर अशीच यायची," सासूबाई म्हणाल्या, "वाटीसकट."

पुढे म्हातारी जाते. घास संपत नाही तोवर मुलगी विचारते, आईचा तो कमरपट्टा मला हवा हं. मी घाबरत भाषांतर केलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "पाटल्या कुणाला, हे आमच्याकडे दहाव्याच्या आत ठरलं होतं."

आणि शेवटी ते प्रसिद्ध वाक्य आलं. धाकटी नणंद क्योको नोरिकोला विचारते. खाली इंग्रजीत होतं, आयुष्य 'डिसअपॉइंटिंग' असतं ना? मी म्हटलं, "आयुष्य निराशाजनक आहे, नाही का?" सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं! "असं कोण बोलतं गं?" मी थांबवलं, दहा सेकंद मागे घेतलं. ती मुलगी ओल्या डोळ्यांनी बघतेय, कोण कोणाशी बोलतंय? नणंद भावजयीशी. मग सुचलं. "जगणं म्हणजे नुसता हिरमोडच असतो, नाही का वहिनी?" आणि नोरिको हसून म्हणते, "हो ना गं."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. मीही नाही. बाहेर पाऊस पडत होता.

त्या इंग्रजी ओळीत 'वहिनी' नव्हतं. मी हा सिनेमा आधी तीनदा पाहिलाय, पण त्या दोघींचं नातं मला 'वहिनी' म्हटल्यावर कळलं. खाली वाचत बसलं की चित्र निसटतं, अशी तक्रार लोक करतात. मला वाटतं निसटतं ते वेगळंच. आपल्याकडच्या काकू, मामी, आत्या, मावशी इंग्रजीत एकाच डब्यात कोंबल्या जातात, तशी जपान्यांची किती नाती मी आजवर डब्यातलीच समजून खाल्ली असतील!

उलटही होतंच की. रोहन कानवडेच्या 'साबर बोंडं' या मराठी सिनेमाला जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेत सनडान्स महोत्सवात वर्ल्ड सिनेमा विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. वडील गेले म्हणून मुंबईहून दहा दिवसांसाठी गावी आलेला आनंद, त्याचा लहानपणीचा मित्र बाळ्या, आणि दोघांमध्ये हळूहळू उमलणारं ते सगळं. बर्फात बसलेल्या अमेरिकन माणसाने आपलं सुतक खाली वाचत वाचत पाहिलं आणि त्याला ते पोचलं. त्या हॉलमधला परदेशी सिनेमा म्हणजे आपण! आणि आपल्याच शहरात तो बघायला मला अवेळीचा शो गाठावा लागला, कारण बाकीच्या वेळा एका दणदणाटी पिक्चरने खाल्ल्या होत्या. कोणतं थिएटर ते जाऊ दे. आत आम्ही नऊजण. मोजायला वेळ भरपूर होता.

छोट्या सिनेमांचं हे कायमचंच. 'कोर्ट' या मराठी सिनेमाला (२०१४) व्हेनिस महोत्सवात दोन पारितोषिकं मिळाली. तो पाहिलेला एक माणूस मला म्हणाला, त्या सरकारी वकीलबाईचं घर कशाला दाखवलं एवढं, केसशी काय संबंध? दिवसभर एका शाहिराला तुरुंगात ठेवायचे युक्तिवाद करून ती मुलाला घेते, घरी येते, स्वयंपाकाला लागते. मला तर सिनेमातलं सर्वांत भीतिदायक तेच वाटलं. ती राक्षसीण असती तर बरं झालं असतं. ती माझ्यासारखी कणीक मळते.

सगळंच आवडतं असं समजू नका. हंगेरीच्या बेला तारचा 'सातानटँगो' हा सिनेमा सात तासांच्या वर आहे. मी तीन दिवसांत संपवला आणि त्यातल्या एका संध्याकाळी चक्क झोपले. नंतर कळलं, इराणी दिग्दर्शक किआरोस्तामीच म्हणून गेलाय की प्रेक्षकाला थिएटरात डुलकी आणणारे सिनेमे त्याला आवडतात, पुढे त्यांच्याच विचाराने रात्री झोप येत नाही. मी हे वाक्य कापून पर्समध्ये ठेवल्यासारखं वापरते. आणि महोत्सवाच्या रांगेत 'तुम्ही अमुक पाहिला नाहीत? अरेरे' म्हणणारे जे दाढीवाले असतात, त्यांच्यापेक्षा भिशीतल्या बायका मला शंभर पटींनी बऱ्या वाटतात. त्या निदान 'मग?' तरी विचारतात.

पाय बरा झाल्यावर सासूबाईंनी स्वतःहून विचारलं, "त्या जपानी सुनेचा आणखी आहे का एखादा?" म्हटलं आहे, 'लेट स्प्रिंग', १९४९चा. तीच नटी, सेत्सुको हारा. यात तिचं लग्न जमवताहेत.

"मुलगा काय करतो?"

ते फार सांगत नाहीत आई, पण आत्या म्हणते गॅरी कूपरसारखा दिसतो. तेवढ्यावर त्या चष्मा पुसून बसल्या. बापलेकीची ओढाताण पाहिली, नवरीचा साज पाहिला, लग्नानंतर रिकाम्या घरात एकटा बसून सफरचंद सोलणारा बाप पाहिला, डोळेही टिपले. पडदा काळा झाला तशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि नवरा मुलगा?"

दाखवतच नाहीत, म्हटलं.

"म्हणजे? लग्न लागलं आणि मुलगा दाखवलाच नाही?"

दोन दिवस हेच. दूधवाल्याला सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलं, फोनवर नणंदेला सांगितलं. हा ओझू स्वतः जन्मभर बिनलग्नाचा, आईजवळ राहिला, हे मी सांगितल्यावर तर कारणच सापडलं त्यांना. काल रात्री जेवता जेवता एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "गॅरी कूपर कोण गं? त्याचा तरी दाखव."