बाबांना पण आत येऊ द्या
एका लेखात कांगारू केअर (म्हणजे कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देणं) आईनेच द्यायची असं लिहिलंय, पण बाबा, आजी, मावशी कोणीही देऊ शकतं ना! आपल्या नाशिकला, त्यात निफाडकडे थंडीत पारा कुठे जातो माहितीये सगळ्यांना, अन् अडीच किलोच्या आतल्या बाळाच्या अंगात चरबीच कमी, मग घरचे दुपट्यावर दुपटी गुंडाळतात पण उघड्या छातीशी धरा म्हटलं की लाजतात. अहो टोपी, मोजे, लंगोट एवढंच ठेवून छातीवर उभं धरायचं, मान एका बाजूला, नाक मोकळं, वरून शाल. डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने, २०२२ मध्ये सांगितलंय दिवसाला ८ ते २४ तास, तेवढा वेळ एकटी बाळंतीण कशी बसेल, तिला जेवण झोप नको का? वॉर्डात बाबांना पण खुर्ची द्या प्लीज.