पहिला फोन कोणी करायचा?

नवापूरचा आहे म्हटलं की अजूनही एखादा विचारतोच, "ते बर्ड फ्लूवालं?" हो, तेच. देशातल्या कोंबड्यांत बर्ड फ्लूचा विषाणू, एच५एन१, पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, आमच्या तालुक्यात.

सुरुवातीला सगळे म्हणायचे, मानमोडी आहे. त्यात लबाडीच होती असं मला वाटत नाही. मानमोडी म्हणजे राणीखेत, कोंबड्यांचा दुसरा एक साथीचा रोग. त्यातही पक्षी धापा टाकतात, मान पिळवटते, पटापट मरतात. नुसतं बघून फरक सांगता येत नाही, नमुना भोपाळच्या प्रयोगशाळेत जावा लागतो. अहवाल येईपर्यंत खाद्याच्या गाड्या येतच असतात, अंड्यांचे ट्रे या शेडमधून त्या शेडमध्ये जातात, बुटांना अन् टायरांना विष्ठा चिकटते. साथ त्याच दिवसांत पसरते.

म्हणून म्हणतो, सगळं अडतं ते पहिल्या फोनवर, म्हणजे पक्षी मरायला लागले की सरकारी पशुवैद्यकीय खात्याला कळवण्यावर. २००६ ला ३ किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या मारल्या. २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू आला तेव्हा नियम १ किलोमीटरचा झाला होता. म्हणजे मी फोन केला तर माझ्याबरोबर शेजाऱ्याचंही शेड रिकामं होणार, त्याचं एक पिल्लूही आजारी नसताना. भरपाई मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. लोकांनी लवकर कळवावं म्हणून नियम बरा आहे. पण गावात राहायचं कसं, हे नियमात कुठे लिहिलंय? मामा म्हणतात, "भाचा, फोन करनारा एकलाच ऱ्हास, शिव्या देनारं आख्खं गाव."

मामांकडे त्या खात्याची दोन पथकं येऊन गेली. पहिल्याने दारातूनच दरडावलं, "लपवलं का?" मामांनी काही सांगितलं नाही. दुसऱ्या वेळचे डॉक्टर खाटेवर बसले, चहा घेतला, मग विचारलं, "खाद्याची गाडी कोणत्या वारी आली? इथून पुढे कुठे गेली? मेलेले पक्षी कुठे टाकले?" मामांना सगळं आठवलं, अगदी ड्रायव्हरने कुठे लघवीला गाडी थांबवली तेसुद्धा! साथीचा माग असाच लागतो, पोलिसी खाक्याने नाही.

(२००६ ला इथल्या एकाही माणसाला लागण झाल्याचं सिद्ध झालं नव्हतं. तरी शिजलेली कोंबडी खायलाही लोक घाबरले, अन् भाव देशभर पडले.)

माझं मागणं साधं आहे. फोन करणाऱ्याचं नाव बाहेर फुटू नये. आणि शेजाऱ्यांचे पक्षी मारायला पथक येईल तेव्हा भरपाईचे कागद त्याच दिवशी, त्याच ओट्यावर भरून व्हावेत.