विदर्सबाईंबद्दल कोणी का बोलत नाही?

जुन्या हॉलिवूडच्या, म्हणजे १९३० च्या दशकातल्या हलक्याफुलक्या डिटेक्टिव्ह सिनेमांचा विषय निघाला की गप्पा पाच मिनिटांत निक आणि नोरा चार्ल्स या डिटेक्टिव्ह जोडप्यावर जातात आणि तिथेच संपतात, आणि दर वेळी मला वाटतं की अहो, अजून एक बाई आहेत, हिल्डगार्ड विदर्स, त्यांच्याबद्दल बोला ना कोणीतरी. कोणी बोलत नाही, म्हणून आज मीच लिहितेय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी निक-नोरा. 'द थिन मॅन', १९३४, एमजीएम स्टुडिओचा पिक्चर. दिग्दर्शक डब्ल्यू. एस. व्हॅन डाइक, ज्याला पहिल्याच टेकमध्ये शॉट ओके करून पुढे जायची इतकी सवय की त्याचं नावच 'वन-टेक वुडी' पडलेलं, आणि हा पिक्चरही त्याने जेमतेम दोन-अडीच आठवड्यांत उरकला. विल्यम पॉवेल, म्हणजे निक, बारमध्ये उभा राहून बारटेंडर लोकांना शिकवतोय की कॉकटेलचा शेकर हलवताना ताल सांभाळायचा, मॅनहॅटन फॉक्सट्रॉटच्या तालावर, ब्राँक्स टू-स्टेपच्या, आणि ड्राय मार्टिनी मात्र कायम वॉल्ट्झच्या. तेवढ्यात मिर्ना लॉय, म्हणजे नोरा, येते, हातात ख्रिसमसची खरेदी, पुढे कुत्रा ओढतोय, आणि सगळ्यांच्या देखत सपशेल आडवी होते. मग टेबलावर बसल्यावर ती नवऱ्याला विचारते किती झाल्या, तो म्हणतो ही सहावी, तर ती शांतपणे वेटरला सांगते की मला अजून पाच आणा आणि इथे ओळीने लावा. आणि अमेरिकेतली दारूबंदी उठून तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते, त्यामुळे थिएटरात बसलेल्या लोकांना हा सीन किती गोड लागला असेल विचार करा! चार ऑस्कर नॉमिनेशन्स, पुढे १९४७ पर्यंत पाच सीक्वेल, आणि बाकीच्या स्टुडिओंची लगेच तसंच काहीतरी काढायची घाई. आरकेओने तर पॉवेललाच उचललं, १९३५ ला जिंजर रॉजर्सबरोबर, १९३६ ला जीन आर्थरबरोबर. मला हे सगळे पिक्चर आवडतात, कंटाळा आलेल्या संध्याकाळी यांच्यासारखं औषध नाही.

पण एक गोष्ट मला नेहमी खटकते. निक डिटेक्टिव्हचं काम सोडून मजेत फिरू शकतो कारण नोराला बापाचा भरपूर पैसा मिळालाय. हॉटेलचा स्वीट, पार्ट्या, फर कोट, आणि मध्ये कोणीतरी खून करून ठेवला तर तेवढाच टाइमपास. १९३३ मध्ये अमेरिकेत चारातला एक माणूस बेकार होता. लोक हे सगळं बघायला जात होते ते ठीकच आहे, तेवढा वेळ तरी डोक्याला शांती. पण त्याच काळात, उलट दोन वर्षं आधीच, याच प्रकारात एक पिक्चर येऊन गेला होता ज्यातल्या डिटेक्टिव्हला सोमवारी सकाळी शाळेत हजर व्हायचं असतं, आणि माझा जीव आहे तो तिच्यावर.

'पेंग्विन पूल मर्डर', आरकेओ, १९३२. स्टुअर्ट पामरच्या कादंबरीवरून काढलेला, सव्वा तासाच्या आत संपणारा. हिल्डगार्ड विदर्स नावाची न्यूयॉर्कच्या शाळेतली शिक्षिका, वय पन्नाशीच्या आसपास, लग्न झालेलं नाही, हातात छत्री, डोक्यावर हॅट. बाई आपला वर्ग घेऊन मत्स्यालयाच्या सहलीला आल्यात, तेव्हा न्यूयॉर्कचं मत्स्यालय मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला बॅटरी पार्कमध्ये होतं. सुरुवातीलाच एक चोर पळत येतो आणि बाई छत्री आडवी घालून त्याला पाडतात, चेहऱ्यावर काही नाही, जणू वर्गात पळणाऱ्या पोराला थांबवलं. मग बाईंची हॅटपिन, म्हणजे हॅट केसांना अडकवायची लांब टोकदार पिन, हरवते, पोरं शोधायला लागतात, आणि पेंग्विनच्या टाकीत एका शेअर ब्रोकरचं प्रेत! आणि ती हरवलेली पिनच पुढे खुनाचं हत्यार निघते. म्हणजे बाईंना यात पडण्याचं कारण आहे, पिन त्यांची आहे, प्रेत त्यांच्या पोरांच्या समोर सापडलंय.

हे काम केलंय एडना मे ऑलिव्हरने. हिला तुम्ही पाहिलं असेल, नाव माहीत नसेल. १९३५ च्या 'डेव्हिड कॉपरफील्ड' मधली आत्या बेट्सी ट्रॉटवुड हीच, 'लिटल विमेन' मधली खडूस आत्या हीच, १९४० च्या 'प्राइड अँड प्रेजुडिस' मधली लेडी कॅथरीन पण हीच. लांब चेहरा, खाली वळलेले ओठ, आणि नाकाने एक हुंकार काढते की समोरचा माणूस अर्ध्या वाक्यात गप्प. हॉलिवूडने तिला आयुष्यभर आत्या, दाई आणि म्हातारी याच भूमिका दिल्या, तिथे विदर्सबाईंच्या तीन पिक्चरमध्ये ती हिरोइन आहे. चाळिशीच्या शेवटाला पोचलेली, हॉलिवूडच्या हिशोबात अजिबात सुंदर नसलेली नटी पोस्टरवर पहिल्या नावाने! तेही १९३२ मध्ये. आज किती दिसतात सांगा.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, आणि मी तिच्यासोबत हा पिक्चर पाहिला तेव्हा ती कुठे हसली ते मी बघत होते. इन्स्पेक्टर पायपर, म्हणजे जेम्स ग्लीसन, बारकासा, तोंडात सिगार, साक्षीदारावर ओरडतोय, आणि बाई बाजूला उभ्या राहून नुसत्या बघतायत. आई म्हणाली, "आता बघ ही त्याला बसवते." आणि खरंच, बाई एक प्रश्न विचारतात, आवाज न चढवता, आणि साक्षीदार बोलायला लागतो. आईचं म्हणणं असं की चाळीस पोरांमधून खडू कोणी मारला ते ज्याला पाठमोरं उभं राहून कळतं त्याला खुनी शोधायला काय लागतं. मला वाटतं पामरने आणि नंतर पिक्चरवाल्यांनी नेमकं हेच पकडलंय. बाईंची हुशारी शरलॉकसारखी सिगारेटच्या राखेवरची नाहीये, ती शाळेतून आलेली आहे. खोटं कोण बोलतंय, कोण कोणाला वाचवतंय, कोण उगाच जास्त चांगलं वागतंय, हे रोज बघून बघून तयार झालेली नजर.

आणि विनोद कोणावर आहे ते बघा, माझ्यासाठी मुद्दा हा आहे. एकटी राहणारी, वयाने मोठी, कडक शिस्तीची बाई म्हटलं की सिनेमा, नाटक, आपल्याकडचंही सगळं धरून, पटकन तिच्यावर हसायला लागतो, तिला कोणी मिळालं नाही, ती खवट झाली वगैरे. इथे हसू येतं ते पायपरला दर वेळी चुकीचा माणूस पकडताना बघून, आणि बाईंनी त्याला ज्या शब्दांत सुनावलं ते ऐकून. बाईंच्या अविवाहित असण्यावर टोमणे आहेत पण ते फुसके आहेत, कारण त्यावर बाईंचं उत्तर कायम वरचढ असतं. आणि पायपरही नुसता बावळट नाही, ग्लीसनने त्याला इतका जिवंत केलाय की तो चिडतो, हरतो, आणि मग गुपचूप बाईंना विचारायला येतो. दोघांना एकमेकांची बुद्धी आवडते. निक-नोराच्या मार्टिनीपेक्षा मला हे भांडण जास्त रोमँटिक वाटतं, खरंच.

आता जरा त्या काळातल्या शिक्षिकांचं बघा, म्हणजे 'मिस विदर्स' मधल्या 'मिस' ला किती वजन होतं कळेल. मंदीच्या वर्षांत अमेरिकेत कितीतरी ठिकाणी लग्न झालेल्या बाईला शिक्षिकेच्या नोकरीवर ठेवतच नसत, नवरा कमावतो ना मग तू कशाला, असा हिशोब. शिकागोत तर शिक्षकांचे पगार महिनोन्महिने थकले होते, पैशांऐवजी कागदी चिठ्ठ्या हातात दिल्या जात होत्या. अशा वेळी पडद्यावर स्वतःच्या पगारावर, स्वतःच्या अकलेवर ताठ उभी असलेली शिक्षिका येते आणि न्यूयॉर्कचं पोलीस खातं तिच्या सल्ल्याने चालतं! थिएटरात बसलेल्या शिक्षिकांना किती बरं वाटलं असेल.

आणि म्हणूनच पहिल्या पिक्चरच्या शेवटी पायपर बाईंना लग्नाचं विचारतो आणि दोघं घाईघाईने निघतात, ते मला पटत नाही. सुदैवाने दुसऱ्या पिक्चरमध्ये त्या लग्नाचा कोणी उल्लेखच करत नाही, बाई पुन्हा मिस विदर्स, पायपर पुन्हा बाहेरचा माणूस. स्टुडिओला एवढंच कळलं असणार की लग्न लावलं तर भांडणातली मजा जाईल, पण कारण काहीही असो, झालं ते बेस्ट झालं.

दुसरा पिक्चर 'मर्डर ऑन द ब्लॅकबोर्ड', १९३४, आणि तिन्हींत माझा सगळ्यात आवडता, कारण इथे खून शाळेतच होतो. संगीताच्या बाईंचा खून, आणि फळ्यावर लिहिलेले सूर हा पुरावा. पोलीस त्या फळ्यासमोरून ये-जा करतात पण फळा वाचायची सवय त्यांना नाही, ती बाईंना आहे! सुटलेल्या शाळेचे रिकामे कॉरिडॉर, खालचं तळघर, सगळं कसं थोडं भीतिदायक आणि थोडं ओळखीचं. तिसरा १९३५ चा, 'मर्डर ऑन अ हनिमून', कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटालिना बेटावर घडतो, समुद्रात उतरणाऱ्या विमानात एक प्रवासी मरतो, बाकीच्यांना वाटतं तब्येत बिघडली असेल, बाईंना वाटतं खून. पटकथेत विनोदी लेखक रॉबर्ट बेंचलीचा हात आहे आणि संवादांत तो कळतो.

त्यानंतर एडना मे ऑलिव्हर एमजीएमकडे गेली आणि आरकेओने विदर्सबाई चालूच ठेवल्या, फक्त नटी बदलली. आधी हेलन ब्रॉडरिक, मग दोन पिक्चर झाझू पिट्स. दोघी आपापल्या जागी उत्तम विनोदी नट्या, ब्रॉडरिक तर 'टॉप हॅट' मध्ये काय धमाल आहे. पण पिट्सचा सगळा विनोद बावरण्यात, फडफडणाऱ्या हातांत, कापऱ्या आवाजात, आणि विदर्सबाई बावरल्या की मग खुनी घाबरणार कोणाला? पायपर सहाही पिक्चरमध्ये ग्लीसनच होता, गोष्टीही साधारण त्याच वळणाच्या, तरी जान गेली. १९३७ ला मालिका बंद पडली. आणि १९५० मध्ये एमजीएमने पामरने रहस्यकथा लेखिका क्रेग राइसबरोबर लिहिलेली विदर्सबाईंची एक गोष्ट घेतली आणि बाईंना काढून त्यांच्या जागी रेडिओवर बक्षीस जिंकलेली मोंटानाची एक विधवा आणून बसवली, याचा मला आजही राग येतो.

लोक म्हणतात म्हातारी हुशार बाई डिटेक्टिव्ह म्हणजे अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल. मार्पल पुस्तकात १९३० ला आलीच होती, मान्य, पण मार्गारेट रदरफोर्ड मार्पल बनून थिएटरात आली ती १९६१ ला, विदर्सबाई तिच्या २९ वर्षं आधी पडद्यावर होत्या. आणि टीव्हीवरच्या 'मर्डर, शी रोट' मधली जेसिका फ्लेचर, जी आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल, तीसुद्धा निवृत्त इंग्रजीची शिक्षिका! वंशावळ काढायची तर नीट काढा.

बायकांच्या बाबतीत हा काळ एकूणच आपण समजतो त्यापेक्षा भारी होता. वॉर्नर ब्रदर्सची टॉर्ची ब्लेन घ्या, १९३७ पासून सलग नऊ पिक्चर, त्यातल्या सातांत ग्लेंडा फॅरेल, सुसाट बोलणारी रिपोर्टर, पोलिसांच्या आधी बातमीपर्यंत पोचणारी. मूळ कथांमध्ये ती रिपोर्टर पुरुष होती, केनेडी नावाचा दारुडा, स्टुडिओने त्याची बाई केली. आणि सुपरमॅनची लोइस लेन फॅरेलच्या टॉर्चीवरून सुचली हे सुपरमॅनच्या दोन निर्मात्यांपैकी एक, जेरी सीगल, याने स्वतः सांगितलंय.

सगळंच गोड आहे असं मी म्हणणार नाही. याच पिक्चरांमध्ये काळ्या नटांना भित्रा नोकर, झोपाळू हमाल एवढंच काम, 'हनिमून' मध्ये विली बेस्टला जे करायला लावलंय ते बघताना वाईट वाटतं, तो माणूस खरा चांगला विनोदी नट होता. चिनी डिटेक्टिव्ह चार्ली चॅनचं काम वॉर्नर ओलंड नावाचा स्वीडनमध्ये जन्मलेला नट करायचा. हे बघताना मान्य करावं लागतं, पुढे ढकलून चालत नाही. मी स्वतः आईला 'हनिमून' दाखवला तेव्हा ते सीन गाळले नाहीत, आम्ही त्यावर बोललो.

कोणाला बघायचे असतील तर माझा सल्ला, आधी 'पेंग्विन', मग लगेच 'ब्लॅकबोर्ड', दोन्ही मिळून एका हिंदी पिक्चरएवढे होतात, रविवारी दुपारी आरामात बसतील. 'हनिमून' नंतर कधीतरी. पिट्सवाले दोन नाही पाहिलेत तरी चालेल. घरात कोणी शिक्षिका असेल, निवृत्त असेल तर आणखी छान, तिला शेजारी घेऊन बघा. आणि खुनी कोण हे आधी कोणाला कळलं, तुम्हाला की तिला, ते कमेंटमध्ये सांगा. नाव मात्र लिहू नका प्लीज, बाकीच्यांनी अजून पाहिलेला नसेल.