हेल्मेट घरात, डोकं उघडं!

बस झालं आता! सीताबर्डीतून हेल्मेट आणून बारा दिवस झाले आणि ते अजून टीव्हीशेजारीच बसलंय. का? तर काचेवरची प्लास्टिकची फिल्म काढायची की ठेवायची, हे ठरत नाही म्हणून! एक कोपरा नखाने उचलला, मग घाबरून पुन्हा दाबला. आता त्याच्याखाली धूळ आणि बोटाचा ठसा. अंधार पडला की त्या फिल्ममधून समोरच्या गाडीचा दिवा फुटून दिसतो, हे कळतं. तरी हात पुढे जात नाही!

त्याआधी रंगावर आठवडा घालवला. पांढरं मळतं, काळं तापतं. मे महिन्यात 45 अंशांत कोणता रंग गार राहणार आहे? आयएसआयची खूण पाहिली, पट्टा हनुवटीखाली आवळून पाहिला, माप बसलं. संपला ना विषय? नाही! आतून दुपट्टा बांधला तर घट्ट होईल का? डिक्कीत मावत नाही, मग ऑफिसात वर न्यायचं की गाडीलाच अडकवायचं? आई म्हणते, "चोरीला जाईल गं." भाऊ ओरडला, "काहून एवढा विचार करून राहिली? घाल ना बापा!"

आणि हे बारा दिवस मी वर्धा रोडवर उघड्या डोक्याने गाडी चालवली. रोज! मोटार वाहन कायद्याचं हेल्मेटसक्तीचं कलम 129 राहू द्या बाजूला, डोकं माझं होतं ना?

आज सकाळी फिल्म टर्रकन ओढली. चुरगाळून कचऱ्यात टाकली.